आयुष्यात न चाखलेली मरळ

नाही, पण मी म्हणतो, माशानं तरी दगा द्यायला नको होता. माणसं देतात, ते आपण धरूनच चालतो. बस दगा देते, करंट दगा देतो, सोयरे तर देतातच… पण मासा? ज्याच्यासाठी मी केरळात समुद्राच्या काठी सहा वर्षं काढली, तीही कशावर, तर दहीभातावर, कारण तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात मासा चाखलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं त्यावरून फार बोललं जाणार आहे.

हसताय ना? हसा. माशांचं शिकलेला आणि मासा न खाणारा, म्हणजे पोहायला शिकवणारा आणि पाण्याला घाबरणारा, असंच वाटतंय ना तुम्हाला? पण आमचं घर बसवण्णांना मानणारं, गळ्यात लिंग, घरात अंडं सोडा, अंड्याचं चित्र छापलेलं कॅलेंडर आलं होतं एकदा फुकट, तेसुद्धा अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, हेमावतीनं, परत पाठवलं. बारावीनंतर माझा नंबर लागत लागत खाली आला आणि जिथं येऊन थांबला तिथं मासे होते. आता अप्पा, म्हणजे माझे वडील गुरुपादय्या, बीदरजवळच्या जनवाड्याच्या पुढं आमचं गाव आहे, तिथं आमचं किराणा दुकान, अख्ख्या गावात एकच, तर अप्पांनी सोयऱ्यांत 'मासा' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. बसवकल्याणचे मामा विचारायचे, "काय शिकायलाय पोरगा?" अप्पा म्हणायचे, "पाण्याचं शिकायलाय." "म्हणजे बोअरचं?" "त्याच लाइनीतलं हाय." झालं… पहिल्याच सुट्टीत मामांनी मला शेतात नेलं, माझ्या तळहातावर नारळ ठेवला आणि म्हणाले, "हं, चाल. कुठं लागतंय सांग." चाललो. काय करणार? नारळ पडला तिथं त्यांनी बोअर मारला, तर दीडशे फुटांवर पाणी लागलं आणि निम्म्या बसवकल्याणात माझ्या शिक्षणाचं नाव झालं. जे शिकलो नाही त्यात. जे शिकलो त्यात काय झालं, ते आता ऐका.

शिकलो काय, तर माशातली चरबी आणि माशातले जड धातू. शिसं, पारा, कॅडमियम, असली मंडळी. मासा ज्या पाण्यात राहतो, ते पाणी थोडं थोडं अंगात साठवत जातो. आमचे सर म्हणायचे, पाण्याला विचारू नका, माशाला विचारा. काय वाक्य आहे बघा. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. बरोबरची पोरं पदवी घेऊन कोळंबीच्या कंपन्यांत लागली, कुणी दुबईला गेलं, आणि मी? मी ट्रंक घेऊन गावी आलो. कारण मला माझं तळं दिसत होतं.

तळं म्हणजे आमच्या गावामागचं, जुनं, दगडी बांधाचं. त्यात निंगप्पा जाळं टाकतो. निंगप्पा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मी त्याला अण्णा म्हणतो, तो मला अण्णा म्हणतो, त्यामुळं आम्ही दोघं बोलायला लागलो की तिसऱ्याला कळत नाही कोण कुणाला हाक मारतोय. तळ्यातली मरळ धरायची आणि शुक्रवारच्या बाजारात विकायची, एवढाच त्याचा धंदा, त्याच्या बापाचाही तोच होता. मी परत आलो तेव्हा तो बाजारात पाटीपुढं नुसता बसलेला. का? तर पलीकडं रविकुमारचा टेंपो. ह्या रविकुमारनं शेततळं खोदलंय, त्यात पंगस नावाचा मासा पाळलाय, कोंबडीच्या दुकानातली आतडी-पिसं खायला घालून हा एवढा जाडजूड केलाय, आणि टेंपोवर भोंगा, त्यात कुण्या बाईच्या आवाजात रेकॉर्ड… "यावं, यावं, काटा कमी, चरबी जास्ती, यावं, यावं." लोक जातायत. कापून मिळतो, काटा निघत नाही. आणि आमची मरळ पाटीत डोळे उघडे ठेवून बघतीय.

मी पेटलो. मी म्हटलं, "निंगप्पा अण्णा, तू घाबरू नको. पाळलेल्या माशाची चरबी ती कसली चरबी, ती नुसती सूज. तुझी मरळ तळ्यात पळून, शिकार करून वाढलेली. मी दोन्ही मासे हैदराबादच्या प्रयोगशाळेत तपासतो, चरबीही आणि धातूही. रिपोर्ट आला की तो मोठा करून तुझ्या पाटीमागं लावू. मग बघू भोंगा."

निंगप्पा म्हणाला, "तुमी म्हणायलाव म्हणल्यावर असंलच की अण्णा."

बघा, किती विश्वास. एवढा विश्वास टाकला की माणसाचा तोल जातो हो.

आता इथं एक अडचण होती, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. मी परत आलो त्या दिवशी अव्वानं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं होतं. म्हणाली, "तिकडं काय केलास ते केलास, मी विचारत न्हाई. पर ह्या गावाच्या शिवेत माशाला हात लावायचा न्हाई. लिंगाला हात लावून सांग." मी म्हटलं, "अव्वा, हे विज्ञान आहे." म्हणाली, "विज्ञानालाबी हात लावून सांग." सांगितलं. दारात उभं राहून अर्धा तास झाला होता, भूक लागली होती, सांगितलं. सहा वर्षं हजारो मासे चिरलेला माणूस मी, चिरलेत, चाखला मात्र नाही, तर असा मी, माझ्याच तळ्याच्या काठी तीन हातांवर, हात पाठीमागं बांधून उभा. आणि नमुने बांधणार कोण? निंगप्पाची आई बाणूबाई.

बाणूबाई म्हणजे सत्तरीच्या पुढची, कडक. तिला मी लांबूनच सगळं समजावलं. "मावशी, चार मरळी. पोट चिरायचं नाही, खवलं काढायची नाहीत, धुवायचं नाही, मीठ लावायचं नाही. जशी पाण्यातनं आली तशी पिशवीत, पिशवी बर्फात, बर्फ डब्यात, डब्याला चिकटपट्टी. सकाळच्या बसला मी डबा उचलतो." म्हणाली, "व्हय बाबा." मी म्हटलं, "परत सांगा बघू." तिनं परत सांगितलं. पोट न्हाई, खवलं न्हाई, धुणं न्हाई, मीठ न्हाई. तंतोतंत. केरळात माझ्या वर्गातल्या पोरांना एवढं पाठ होत नव्हतं.

सकाळी थर्माकोलचा डबा तयार. चिकटपट्टी इतकी, की डबा दिसेना. उघडून बघावा तर शिवेच्या आत… शपथ. म्हटलं, शीव ओलांडल्यावर बघू. शीव ओलांडली तेव्हा बस आली. रविकुमारचा पंगस मात्र वाटेत बस थांबवून त्याच्या तळ्यावरनं मी स्वतःच्या हातानं घेतला, कारण ते शिवेबाहेर. म्हणजे बघा, ज्याच्यावर माझा विश्वास नव्हता तो मासा मी तपासून बांधला, आणि ज्याच्यावर विश्वास होता तो न बघता नेला. बीदरला बस बदलली तर कंडक्टर डब्यावर टिचकी मारून म्हणतो, "क्या है जी इसमें?" मी म्हटलं, "नमुने." "कायके नमुने?" "मासे." "पकाए सो या कच्चे?" "कच्चे." "फिर पीछे रखो. पकाए सो रहते तो मैं सामने रखता था." तिथपर्यंत सगळं छान होतं.

बारा दिवसांनी रिपोर्ट आला. दोन पानी. पहिलं पान चरबीचं, आणि तुम्हाला सांगतो, ते वाचून मी दुकानातल्या साखरेच्या पोत्यावर बसलो. मरळीत चरबी नऊ टक्के. नऊ. आता मला तिथंच शंका यायला पाहिजे होती. मरळ हा सडपातळ मासा, त्यात दोन टक्केसुद्धा चरबी नसते, हे मी स्वतः परीक्षेत लिहिलंय, त्याचे मार्क घेतलेत. पण आपल्या गावची मरळ म्हटल्यावर डोकं कुठं जागेवर राहतं? मी म्हटलं, हे आपलं तळं. जगात नसेल ते आपल्या तळ्यात आहे. आणि पान उलटलं.

शिसं. जेवढं चालतं त्याच्या बारा पट. क्रोमियमसुद्धा होतं. पारा नाही, कॅडमियम नाही, पण शिसं बारा पट. आणि रविकुमारच्या त्या सुजलेल्या, आतडी खाल्लेल्या पंगसात? काही नाही. स्वच्छ. लेकराच्या पाटीसारखा कोरा.

मी म्हणतो, माशानं तरी दगा द्यायला नको होता.

आता शहाणा माणूस काय करेल? रिपोर्ट खिशात घालेल, दोन दिवस झोपेल, सरांना फोन करेल. मी काय केलं? मी शिकलेला ना. खरं कळलं की त्याच दिवशी लोकांना सांगायचं, लपवलं तर आपल्यात आणि लबाडात फरक काय, असलं सगळं डोक्यात. त्यात शुक्रवार. मी सरळ बाजारात गेलो, निंगप्पाच्या पाटीशेजारी रिपोर्ट हातात धरून उभा राहिलो, आणि मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं, मागं काही लोक उभे होते त्यांना दखनीत सांगितलं… तळ्याच्या माशात शिसं आहे, खाऊ नका, लेकरांना तर देऊच नका. तीन भाषांत, एकही शब्द न अडखळता. बोलताना निंगप्पाकडं बघितलंच नाही मी. बघितलं असतं तर तिसऱ्या भाषेपर्यंत पोचलो नसतो.

संपलं तेव्हा तो पाटी आवरत होता. म्हणाला, "अण्णा, माज्या घरीबी खात्यात की हीच. लेकरं खात्यात." मी म्हटलं, "बंद कर अण्णा." म्हणाला, "तुमी म्हणायलाव म्हणल्यावर…" पाटीतल्या मरळी त्यानं परत तळ्यात नेऊन सोडल्या, ज्या जिवंत होत्या त्या.

पुढच्या शुक्रवारी रविकुमारच्या भोंग्यात ती बाई काय म्हणतीय? "यावं, यावं, सोमशेखर साहेबांनी हैदराबादला तपासलेला, शिसं नसलेला मासा, यावं, यावं." माझं नाव. भोंग्यात. माझ्या नावावर पंगस खपतोय, ज्यानं आयुष्यात मासा चाखला नाही त्याच्या नावावर. अप्पा दुकानातून ऐकतायत आणि मामांचा बसवकल्याणहून त्यांना फोन, "काय हो, पोरगा पाण्याचं शिकायलाय म्हणला होता की."

मग मी सरांना रिपोर्ट पाठवला. दोन दिवसांनी फोन आला. सर फार कमी बोलतात. म्हणाले, "सोमशेखर, तुमच्याकडं करडई पिकते का?" मी म्हटलं, "सर, भरपूर पिकते. रोजच्या भाजीला तेच तेल." म्हणाले, "तुमचे मासे करडई खातात का?" मी म्हटलं, "सर?" म्हणाले, "ही माशाची चरबी नाही. हे करडईचं तेल आहे. जगातला कुठलाही मासा असली चरबी करत नाही. आणि शिसं आणि क्रोमियम जोडीनं आलंय, ते तळ्यातनं नाही आलं. पिवळ्या रंगात ही दोघं जोडीनं असतात. नमुने कुणी बांधले?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही बांधले ना?"

आता सहा वर्षं ज्यांनी शिकवलं त्या माणसाला फोनवर लिंगाची शपथ कशी समजावून सांगायची? मी म्हटलं, "सर, रेंज जायलीय."

पळत बाणूबाईकडं गेलो. ती अंगणात तूर पाखडत बसलेली. मी म्हटलं, "मावशी, खरं सांगा, मरळींना काय लावलं होतं?" म्हणाली, "काय न्हाई." "मावशी." "मीठ न्हाई लावलं बाबा. तू न्हाई म्हणलास, न्हाई लावलं. पोट न्हाई, खवलं न्हाई, धुणं न्हाई." मी म्हटलं, "आणि हळद?"

तर मान वर करून बघते माझ्याकडं, जणू मीच खुळा. "हळद लावली की. बोटभर हळद आन् बोटभर तेल. कोरडा मासा कुणी पावण्याकडं धाडतंय व्हय रं? हैदराबादला चाललाय, लोकं बघतील, म्हणतील हिच्या घरी हळदीला महाग हाय काय. लेक सासरी धाडताना हळद लावत्यात, मग हिला नगं?" मी म्हटलं, "अहो पण मी सांगितलं होतं…" "तू मिठाला न्हाई म्हणलास. हळदीला न्हाई म्हणला न्हाईस."

खरंच नव्हतं म्हटलं हो मी.

"आन् हळद बी साधी न्हाई वापरली," ती पुढं सांगायलीय, अभिमानानं. "रोजच्या कालवणाला आमी ती मळकट वापरताव, शेतातली, घरी कुटलेली. पर माज्या निंगप्पाचा माल तपासायला चाललाय म्हणून तुमच्या दुकानातनं पेशल आणली. पिवळीधमक. गुरुपादय्यांनी सोत्ता बांधून दिली."

पेशल. आमच्या दुकानातली. बघा, आता कसं एकेक करून घरापर्यंत येतंय.

मी त्या पेशलची पुडी हैदराबादला पाठवली. ह्या वेळी स्वतःच्या हातानं, हळदीला शपथ नव्हती. आणि सोबत चार मरळी, त्याही शिवेबाहेर निंगप्पाकडनं उघड्या हातावर घेऊन, आणि तेवढ्यासाठी तो बिचारा मरळी घेऊन दोन मैल चालत आला. रिपोर्ट आला. मरळ स्वच्छ. चरबी दीड टक्का, शिसं नाही, क्रोमियम नाही, काही नाही. हळदीत मात्र तोच शिशाचा पिवळा रंग, आणि किती तर… जाऊ द्या, आकडा नाही सांगत, तुम्ही जेवून आला असाल.

म्हणजे मासा निर्दोष. माशानं दगा दिलाच नव्हता. मग दिला कुणी?

अप्पांपुढं गेलो. गल्ल्यावर बसलेले, पाठीमागं पेशलचा डबा, पिवळा, चकाकणारा, वर गंधाचं बोट लावलेलं. मी कागद ठेवला, सांगितलं सगळं. अप्पांनी कागद उलटा ठेवला. म्हणाले, "मासे तपासलास. आता बाप तपासायलास." मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला माहीत होतं?" म्हणाले, "मला काय माहीत? गुलबर्ग्याच्या बाजारातनं माल येतोय, पिवळा हाय म्हणून घेताव. मळकट ठेवलं तर गिऱ्हाईक नाक मुरडतंय. पिवळं दिसलं की घेतंय." मी म्हटलं, "पण शिसं आहे हो त्यात." तर म्हणाले… आणि हे ऐका हं… म्हणाले, "अरे, माल वाईट असता तर मी घरात वापरला असता व्हय? सात वर्षं झालं, आपल्या घरात पेशलच हाय. तुझ्या अव्वाला मी दुसरी हळद आणूनच दिली न्हाई."

बोला. कुणावर चिडायचं? ज्यानं चांगलं म्हणून घरात खाऊ घातलं त्याच्यावर? गावातली गरीब माणसं मळकट हळद खाऊन निर्मळ, आणि ज्यांची ऐपत होती ते… म्हणजे आम्ही.

पुढच्या शुक्रवारी परत बाजारात उभा राहिलो. परत तीन भाषांत. मासा चांगला, हळद वाईट. काय सांगू, लोकांच्या तोंडावर असा भाव, की बघा, बिचारा, उन्हात फिरून खुळावलाय म्हणून. भीमाशंकर म्हणून आमच्या गल्लीतले आहेत, सोसायटीचे चेअरमन, ते म्हणाले, "परवा मासा म्हणलास, आज हळद म्हणायलास, पुढल्या शुक्रवारी मीठ म्हणशील. मग खायचं काय आमी, तुझा रिपोर्ट?" मागनं कुणीतरी म्हणालं, "बापाशी भांडण झालंय वाटतं, दुकानाच्या वाटणीवरनं." आणि उमादेवी, आमच्या शेजारच्या, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हळदीला असं बोलू नये रे बाबा. कपाळाला लावायची वस्तू." मासा वाईट म्हटलं तर एका मिनिटात पटलं हो. पटायचंच, निम्मं गाव तो खातच नाही. हळद वाईट म्हटलं तर कुणाला पटेना, कारण ती सगळेच खातात.

निंगप्पाची पाटी तशीच भरलेली. दोन शुक्रवार, तीन शुक्रवार. मी त्याला नवा रिपोर्ट मोठा करून आणून दिला, पाटीमागं लावला. एक बाई वाचून म्हणाली, "मागचा बी असाच छापलेला होता की."

पण एका माणसाला पटलं. अप्पांना. चार दिवस त्यांनी पेशलचा डबा उघडला नाही, गिऱ्हाईकाला मळकट द्यायला लागले, गिऱ्हाईक नाक मुरडतंय, हे देतायत. पाचव्या दिवशी म्हणाले, "सोमू, आत गोदामात अडीच पोती पेशल हाय. काय करू?" म्हटलं, चला, गाव नाही तर नाही, बाप तरी बदलला. मी त्यांच्या पायांना हात लावला. म्हटलं, "काढून टाका, अप्पा." म्हणाले, "टाकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी निंगप्पा दारात. हातात कोरडं जाळं. म्हणाला, "अण्णा, जरा येऊन बघा की."

गेलो. दगडी बांधापासून पार पलीकडच्या बाभळीपर्यंत… तळं पिवळं.

पिवळं म्हणजे असं, की खंडोबाला लाजवेल. आणि पायरीवर अप्पा उभे, रिकामी पोती घडी करून काखेत, शेजारी अव्वा, हातात आरतीचं ताट, उदबत्ती लावलेली. मी म्हटलं, "अप्पा, हे काय केलंत?" म्हणाले, "तूच म्हणलास की, काढून टाक." "अहो, तळ्यात?" आता अव्वा बोलली. "मग काय उकिरड्यावर टाकायची? हळद हाय ती. पायदळी आली म्हंजे? हळदकुंकू पाण्यातच सोडत्यात. रीतीनं सोडलीय, पूजा करून." आणि अप्पा, अगदी साधेपणानं, "काढून टाक म्हणलास, कुठं टाकू ते म्हणला न्हाईस."

परत तेच. दोनदा तेच. मीठ म्हटलं, हळद म्हटली नाही. टाका म्हटलं, कुठं ते म्हटलं नाही. सहा वर्षांत मला सगळं शिकवलं हो, एक वाक्य पुरं करायला नाही शिकवलं.

निंगप्पा पाण्याकडं बघत होता. ओरडला असता, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाला, "आता तुमचा पहिला कागद खरा झाला, अण्णा." आणि जाळं खांद्यावर टाकून गेला. बाणूबाई त्याच्यामागनं आली होती, ती पायरीवरच बसली. म्हणाली, "बोटभरच लावली होती रं मी."

आता गावाला पटलं. डोळ्यानं दिसतंय ना. "बघा, शिसं वर आलं," म्हणून लोक लेकरांना दाखवायला आणायला लागले. भीमाशंकर म्हणाले, "पोरगं खरं सांगायलंतं, आपणच ऐकलो न्हाई." तळ्याच्या काठावर पंचायतीनं पाटी लावली, मासे धरायला मनाई. निंगप्पा आता रविकुमारच्या शेततळ्यावर कामाला जातो. मी एकदा भेटायला गेलो, शिवेबाहेर आहे ते. म्हटलं, "कसं चाललंय अण्णा?" म्हणाला, "जाळं टाकायचं कामच न्हाई इथं. बादलीनं काढायलो."

मग माझ्या डोक्यात आलं, सात वर्षं पेशल. आपलं रक्त तपासावं. अप्पांचं, अव्वाचं, माझं. गुलबर्ग्याला नेलं दोघांना. गेल्या मंगळवारी रिपोर्ट घ्यायला परत गेलो, तिघंही. डॉक्टर भला माणूस, चष्मा कपाळावर. कागद बघितले, आमच्याकडं बघितलं, परत कागद बघितले. म्हणाले, "तिघांच्याही रक्तात शिसं आहे. घाबरण्याएवढं नाही, पण आहे." मी म्हटलं, "मला माहीत आहे, डॉक्टर, ते हळदी…" त्यांनी हात वर केला. "थांबा. तुम्ही कुठले?" मी गाव सांगितलं. "जनवाड्याजवळचं? तरीच. अहो, तुमच्याकडच्या कुठल्यातरी तळ्यातल्या मरळीत शिसं सापडलंय, आमच्या ग्रुपवर आलं होतं. एका शिकलेल्या मुलानं शोधून काढलंय. फार हुशार मुलगा. त्याचं ऐका. आजपासून मासे बंद."

मी तोंड उघडलं. तीन भाषा येतात मला. एकीतही शब्द आला नाही.

अव्वा माझ्याकडं बघत होती. सावकाश, खालपासून वरपर्यंत. मग तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि इतक्या हळू म्हणाली, की फक्त मलाच ऐकू यावं, "शिवेच्या बाहेर खाल्लास व्हय रं? आन् घरच्या भांड्यात जेवलास?"

काय सांगणार? हळद सांगणार? ती तर तिनं पूजा करून पाण्यात सोडलेली, तिचा विषय संपलेला. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टर लिहीत होते. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. मी म्हटलं, "सोडतो, अव्वा."

तर तेवढं लक्षात ठेवा, कुठं बोलणं निघालं तर सांगा. जो मासा मी आयुष्यात चाखला नाही, तो मी गेल्या मंगळवारपासून सोडलाय.